आधी दवाखाना, शेवटी पाद्री: ‘द एक्झॉर्सिस्ट’ घरी बघायचा तर

भूतबाधेच्या सिनेमांवर पैसे आणि एक रात्र घालवायचीच असेल तर १९७३चा ‘द एक्झॉर्सिस्ट’ घ्यावा, आणि शक्यतो १२२ मिनिटांची मूळ आवृत्ती घ्यावी. पन्नास वर्षं उलटून गेली तरी या प्रकारात त्याच्या पुढे गेलेले सिनेमे बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. मात्र तो कसाही लावून चालत नाही. ट्यूबलाइट चालू, कूलर घरघरतोय, टीव्हीवर क्रिकेटची सेटिंग तशीच, अशा थाटात बघितला तर “एवढं काय त्यात?” म्हणून लोक अर्ध्यातून उठतात. म्हणून सिनेमा कसा आहे हे सांगताना तो लावायचा कसा हेही इथे सांगितलं आहे.

मराठवाड्यातल्या प्रेक्षकाला या सिनेमातली सगळ्यात अनोळखी गोष्ट सैतान नाही, घटनांचा क्रम आहे. आपल्याकडे पोरीनं डोळे फिरवले, दात करकरा खाल्ले, आवाज बदलून बोलली की गल्लीतलं पहिलं निदान ठरलेलं: बाहेरचं आहे. मग अंगारा, उतारा, जाणत्याकडे फेऱ्या, अमावस्येची हाजरी, कुणी सांगितलं म्हणून सैलानीची वारी. पैसे आणि धीर दोन्ही संपले की मग संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात किंवा लातूरला मेंदूच्या डॉक्टरकडे. सिनेमा नेमका उलट्या दिशेनं चालतो. बारा वर्षांची रेगन, तिची आई क्रिस ही नामांकित नटी, वडील लांब, घर वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊन भागात. घरात देवाधर्माचं नावसुद्धा नाही. पोरगी विचित्र वागायला लागल्यावर आई तिला डॉक्टरकडे नेते. पहिला डॉक्टर चंचलपणाचा विकार म्हणून रिटालिन देतो. पलंग थरथरायला लागल्यावर संशय मेंदूच्या टेम्पोरल भागावर जातो. मग मानेतून सुई, पाठीच्या कण्यातून हवा भरून काढलेले एक्स-रे, संमोहन करणारा मानसोपचारतज्ज्ञ. आईच्या हिशेबानं ८८ डॉक्टर होतात. आणि गंमत पाहा, पाद्र्याचा मार्ग सुचवतात ते डॉक्टरच. तेही श्रद्धेपोटी नव्हे: पोरीचा ठाम समज आहे की आपल्या अंगात कुणीतरी आहे, तर त्याच समजाच्या वाटेनं उपचार करून बघा, असा त्यांचा सल्ला.

पुढे जो पाद्री येतो, फादर कॅरस, तो स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. त्याचा स्वतःच्या देवावरचा विश्वास डळमळलेला. तो आल्या आल्या क्रॉस काढत नाही, तपासणी करतो. नळाचं साधं पाणी पवित्र म्हणून शिंपडतो, आणि आतला ‘सैतान’ भाजल्यासारखा विव्हळतो. म्हणजे पुरावा उलट बाजूचा झाला, पोरगी सोंग करत असावी. तिच्या बडबडीची टेप तो भाषेच्या प्रयोगशाळेत नेतो. अनोळखी भाषा वाटणारा तो आवाज उलटी वाजवलेली इंग्रजी निघते. कॅथलिक चर्चच्या १६१४च्या विधिग्रंथात बाधेच्या खुणा दिलेल्या आहेत: न शिकलेली भाषा बोलणं, दडलेल्या गोष्टी ठाऊक असणं, वयाला न शोभणारी ताकद. विधीसाठी बिशपची परवानगी लागते. सिनेमा या सगळ्या पायऱ्या चढतो. विधी करायला आलेला म्हातारा फादर मेरिन बॅग घेऊन धुक्यात घरासमोर उभा राहतो तेव्हा दीड तास होऊन गेलेला असतो. तोवर बघणाऱ्याकडे दुसरं स्पष्टीकरणच उरलेलं नसतं. भीती तिथून येते. नंतरच्या शेकडो नकलांनी हिरवी उलटी घेतली, गरगर फिरणारं डोकं घेतलं, आणि हा दीड तास मात्र टाकून दिला.

दवाखान्याचा भाग लांबतो अशी तक्रार ऐकू येते. ती मान्य करता येत नाही. संपूर्ण सिनेमातला सगळ्यात अंगावर येणारा प्रसंग त्याच भागात आहे आणि त्यात एकही भूत नाही. मानेतल्या धमनीत सुई जाते, रक्ताची चिळकांडी उडते, नळी जोडली जाते, डोकं पट्टीनं बांधलं जातं आणि एक्स-रेच्या प्लेटा बदलणारं यंत्र धडाधड आपटायला लागतं. दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन माहितीपटांतून आलेला होता, ते या प्रसंगात दिसतं. कॅमेरा भोचकपणे वाकत नाही, बाजूला उभं राहून बघतो. माणसावर पहिला सीटी स्कॅन १९७१ साली झाला. चित्रीकरण झालं तेव्हा ते यंत्र सर्रास नव्हतं, त्यामुळे मेंदूत डोकवायचं तर हाच यातनेचा रस्ता होता. प्रदर्शनाच्या वेळी थिएटरात लोक चक्कर येऊन पडल्याच्या बातम्या छापून आल्या. या प्रसंगाचा त्यात मोठा वाटा मानला जातो. सुई बघवत नसलेल्यांनी इथे डोळे मिटून घ्यावेत, पण कान उघडे ठेवावेत.

कारण हा सिनेमा अर्ध्याहून जास्त कानांनी बघायचा आहे. त्याला ऑस्कर दोनच मिळाले, एक रूपांतरित पटकथेचा आणि दुसरा ध्वनीचा. पार्श्वसंगीत फारच थोडं आहे. ठरवलेल्या संगीतकाराचं काम फ्रीडकिननं नाकारलं आणि आधीच ध्वनिमुद्रित झालेले तुकडे वापरले. माइक ओल्डफिल्डच्या ‘ट्यूब्युलर बेल्स’ची ती घंटेसारखी सुरावट आता सिनेमाची ओळख झाली आहे, पण प्रत्यक्षात ती मोजक्या ठिकाणीच वाजते. बाकी वेळ माळ्यावरची खरखर, पलंगाच्या पायांचा खडखडाट, आणि श्वास. डोकं मागे वळतानाचा कडकड आवाज मेक्सिकोच्या गोन्झालो गाविरा या ध्वनितंत्रज्ञानं जुनं चामड्याचं पाकीट पिरगाळून काढला. सैतानाचा आवाज मर्सिडीझ मॅकेंब्रिज या अनुभवी नटीचा. घसा खरवडून निघावा म्हणून तिनं कच्ची अंडी गिळली, सिगारेटी ओढल्या, दारू घेतली, स्वतःला खुर्चीला बांधून घेतलं. बारीक ऐकलं तर त्या आवाजात एकाच वेळी दोन-तीन घसे घरघरत असल्यासारखं वाटतं. आपल्याकडच्या बहुतेक भयपटांत मांत्रिकाचा घुमणारा आवाज यंत्रातून जाड करून काढतात. माणसाच्या छातीतून निघालेली घरघर आणि यंत्राची घरघर यातला फरक अडाण्यालाही कळतो.

आता घरातल्या मांडणीकडे. आवाज किती ठेवायचा याची एक सोपी कसोटी आहे. सुरुवातीला आई पलंगावर वाचत बसलेली असताना माळ्यावरून खुडबुड ऐकू येते. ती खुडबुड बसल्या जागेवरून, कान न टवकारता, जेमतेम ऐकू आली पाहिजे. तिथे आवाज पक्का करावा आणि नंतर रिमोट लांब ठेवावा. इराकमधल्या पहिल्या प्रसंगावर आवाज ठरवला तर चूक होते. तिथे कुदळी, घण आणि बाजाराचा गलका आहे, त्यामुळे तुम्ही आवाज कमी करता आणि पुढची कुजबूज हरवते. साउंडबारवरचा नाईट मोड आणि टीव्हीतला ऑटो व्हॉल्यूम दोन्ही बंद हवेत. ही सेटिंग बारीक आवाज वर उचलतात आणि मोठे आवाज दाबतात, म्हणजे ज्या चढ-उतारावर सिनेमा उभा आहे तोच सपाट होतो. साउंडबार नसेल तर टीव्हीच्या अंगच्या स्पीकरपेक्षा शंभर-दोनशे रुपयांचा साधा वायरवाला हेडफोन बरा, फक्त मग एकट्यानं बघावं लागतं.

आपल्याकडची खरी अडचण कूलरची. मार्च ते जून लोखंडी कूलर चालू असलेल्या खोलीत हा सिनेमा लावूच नये. पंख्याचा आणि पाण्याच्या पंपाचा एकसुरी आवाज नेमका खुडबुड आणि श्वास गिळून टाकतो, आणि उरतात फक्त किंकाळ्या. बेचाळीस अंशांच्या उकाड्यात पडद्यावर पात्रांच्या तोंडातून वाफ निघताना बघणं हा वेगळाच विनोद. डिसेंबर-जानेवारी उत्तम. उन्हाळ्यातच बघायचा तर रात्री अकरानंतर, गच्चीचं दार उघडं ठेवून आणि पंखा एकवर.

लाइट जाण्याचा हिशेब आधीच करून ठेवावा. ४३ इंची एलईडी टीव्ही साधारण १०० वॅट, साउंडबार ४०, पंखा ७०, राउटर १०, मिळून २२० वॅट. दीडशे एएचची चांगली बॅटरी एवढा भार चार-पाच तास ओढते. चार वर्षांची थकलेली बॅटरी निम्मा वेळ देईल, तरी सिनेमा पार पडतो. घोळ होतो तो जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर. त्यावर पंखा गुणगुणतो, कधीकधी साउंडबारमध्येही भुणभुण येते. साइन वेव्ह इन्व्हर्टरला ती कटकट नाही. मोबाइलच्या डेटावर बघणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, एचडीला तासाला साधारण ३ जीबी जातात. रोजच्या दोन जीबीच्या पॅकवर डेटा संपला की वेग पडून चित्र आपोआप घसरतं, आणि या सिनेमातल्या अंधाऱ्या खोल्या घसरलेल्या चित्रात राखाडी चौकोनांचा ढीग दिसतात. वाय-फायवर आधी डाउनलोड करून घ्यावा.

चित्राच्या सेटिंगमध्ये एकच गोष्ट हमखास बिघडते. टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये स्वतःची चित्रं भरतो, त्यामुळे सिनेमा टीव्ही मालिकेसारखा गुळगुळीत सरकतो. एलजीवर या सेटिंगला ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो म्हणतात, सॅमसंगवर ते पिक्चर क्लॅरिटीखाली सापडतं. ते बंद करावं. चित्राचा मोड सिनेमा किंवा फिल्ममेकर ठेवावा, विविड तर मुळीच नको. विविडमध्ये ती खोली थंड वाटतच नाही.

आणि ती खोली खरोखर थंड होती. रेगनच्या खोलीचा सेट न्यूयॉर्कच्या स्टुडिओत एका मोठ्या शीतकपाटासारख्या आवरणात उभा केला होता. यंत्रांनी तापमान शून्याखाली नेलं जायचं. दिवे लावले की सेट तापायचा, थोडं चित्रीकरण झालं की पुन्हा थंड करत बसावं लागायचं. तोंडातली वाफ पडद्यावर दिसायला नुसती थंडी पुरत नाही, प्रकाश मागून किंवा बाजूनं पडावा लागतो, म्हणून त्या प्रसंगांत माणसांच्या कडा उजळलेल्या आणि चेहरे अंधारात आहेत. हल्ली वाफ संगणकावर चिकटवतात. ती श्वासाच्या लयीत बसत नाही, आणि नटाचे खांदे थंडीनं आवळलेले नसतात. मेरिनचं काम करणारा मॅक्स फॉन सिडो तेव्हा चाळिशीत होता. रंगभूषाकार डिक स्मिथनं त्याला सत्तरीपार नेला, आणि तो इतका बेमालूम की मेकअप असल्याचं सांगावं लागतं. हिरव्या उलटीत वाटाण्याचं घट्ट सूप होतं. ती उडवायला गालांलगत लपवलेल्या नळ्या होत्या. पलंगावरचे हिसके पट्ट्यांचे आणि दोऱ्यांचे, आणि त्यात आईचं काम करणाऱ्या एलेन बर्स्टिनच्या कमरेच्या हाडाला खरी इजा झाली. तिची ती किंकाळी सिनेमात तशीच आहे. कलेच्या नावाखाली हे खपवून घ्यावं का, हा प्रश्न या सिनेमाला आजही चिकटलेला आहे आणि चिकटलेलाच राहावा.

आवृत्ती कोणती? भाड्यानं घेताना किंवा डिस्क मागवताना नावावर जाऊ नका, लांबी वाचा. सुमारे १२२ मिनिटं म्हणजे १९७३ची. १३२ मिनिटं म्हणजे २०००मध्ये आलेली वाढीव. वाढीव आवृत्तीत रेगनची डॉक्टरकडची पहिली भेट परत आली आहे, ती हवीच होती. मूळ आवृत्तीत औषधाचा उल्लेख एकदम येतो आणि प्रेक्षक गोंधळतो. दोन पाद्री जिन्यात बसून “हीच पोरगी का?” यावर बोलतात तो छोटा संवादही मोलाचा. पण त्याबरोबर नको ते पदरात पडतं. रेगन उलटी होऊन हातापायांवर जिना उतरते तो प्रसिद्ध कोळीचालीचा तुकडा आईच्या सिनेमाच्या दिग्दर्शकाचा मृत्यू कळल्यावर लगेच येतो आणि त्या बातमीचा धक्का खाऊन टाकतो. स्वयंपाकघरातल्या भांड्यांवर, दारांवर सैतानाचे चेहरे संगणकानं उमटवले आहेत, म्हणजे जे मनात राहायला हवं होतं ते भिंतीवर आलं. शेवटी डिटेक्टिव्ह किंडरमन आणि कॅरसचा मित्र फादर डायर यांच्या गप्पा जोडल्या आहेत, त्यानं शेवट सुखरूप होतो. मूळ शेवट पायऱ्यांपाशी तोडून टाकल्यासारखा आहे, तोच बरोबर. पहिल्यांदा बघणाऱ्यानं १२२चीच बघावी. २०२३मध्ये पन्नास वर्षांनिमित्त ४के डिस्क आली, तिच्यात दोन्ही आवृत्त्या आहेत. मात्र ४के डिस्कसाठी ४केचाच प्लेअर लागतो. घरातल्या जुन्या डीव्हीडी प्लेअरमध्ये ती फिरणार नाही, आणि साध्या ब्लू-रे प्लेअरमध्येही नाही.

उणिवा आहेत. इराकमधली पहिली दहा मिनिटं जवळपास संवादाविना आहेत आणि पुढच्या कथेशी त्यांचा धागा प्रेक्षकाला स्वतः जोडावा लागतो. चित्रीकरण हत्रा या प्राचीन शहराच्या खऱ्या अवशेषांपाशी झालं, ते बघायला मात्र श्रीमंत आहे. उत्खननात हाताला लागणारी पझुझू या राक्षसाची मूर्ती हे दुष्टाचं प्रतीक म्हणून येतं, आणि इथे सिनेमानं अर्धीच गोष्ट सांगितली. मेसोपोटेमियात, म्हणजे प्राचीन इराकमध्ये, पझुझू भयंकर खराच, पण लामाश्तू नावाची बाळं-बाळंतिणींना त्रास देणारी राक्षसीण हाकलायला त्याच्याच मुंडक्याचे ताईत गळ्यात घालायचे. आपला शिवेवरचा म्हसोबा जसा, भीती वाटते म्हणूनच नैवेद्य जातो आणि राखणही तोच करतो. पाश्चात्त्य सिनेमाला हा दुहेरीपणा झेपला नाही. दुसरं, डिटेक्टिव्ह किंडरमनचे प्रसंग दुसऱ्यांदा बघताना जड होतात. तिसरं आणि मोठं, शेवटच्या विधीत आई जवळजवळ दाराबाहेर जाते. दीड तास जिनं ओझं ओढलं तिच्या हातून सूत्रं काढून दोन पुरुषांकडे दिली जातात.

मुलांबरोबर बघू नये हे सांगायला नको, पण कारण नीट सांगायला हवं. क्रॉसचा एक प्रसंग आणि लहान पोरीच्या तोंडची शिवीगाळ ही रक्तापेक्षा जास्त त्रासाची आहे. घरात कुणाला फिट येत असतील, मानसिक आजाराचे उपचार चालू असतील, तर त्या माणसाला शेजारी बसवून हा सिनेमा लावू नका. सिनेमा शेवटी पाद्र्याला खरं ठरवतो, डॉक्टरला नाही. आजारी माणूस तेवढंच घेऊन उठतो आणि गोळ्या बंद करतो.

प्रत्यक्षातलं चित्र हवं असेल तर त्याच गोष्टीची दुसरी बाजू बघावी. जर्मनीतली ॲनेलीझ मिखेल १९७६मध्ये वयाच्या तेविसाव्या वर्षी दगावली. तिला फिट येत होत्या, उपचार सुटले, दहा महिन्यांत ६७ वेळा विधी झाले, अखेर उपासमारीनं वजन तीस किलोच्या आसपास आलं. १९७८मध्ये आईवडील आणि दोन पाद्री यांना निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूबद्दल दोषी धरलं गेलं. तिच्यावरून निघालेला ‘द एक्झॉर्सिझम ऑफ एमिली रोझ’ (२००५) कोर्टात घडतो. काही प्रसंग दोनदा, एकदा डॉक्टरच्या आणि एकदा पाद्र्याच्या नजरेनं, अशी मांडणी आहे. जेनिफर कार्पेंटरनं शरीर वाकवण्याचं काम स्वतः केलं आहे आणि ते बघण्यासारखं आहे, पण सिनेमा तळ्यात-मळ्यात करत शेवटी पाद्र्याकडे झुकतो. त्यापेक्षा ‘रेक्विएम’ (२००६) हा जर्मन सिनेमा जास्त प्रामाणिक. त्यात सैतान दिसतच नाही, फक्त एक हुशार पोरगी, तिचे आकडीचे झटके आणि प्रेमानं तिला मारणारं घर. सांड्रा ह्यूलरला त्यासाठी बर्लिनला अभिनयाचं रौप्य अस्वल मिळालं. भानामतीच्या केसेस ज्यांनी जवळून पाहिल्या आहेत, गावातल्या बाया कुत्र्यासारख्या भुंकायच्या आणि सासरच्या घरात कुणालाच त्या बाईचं दुखणं काय ते विचारावंसं वाटायचं नाही, त्यांना ‘रेक्विएम’मधलं घर ओळखीचं वाटेल.

एक व्यावहारिक गोष्ट इथेच सांगून टाकतो. पडद्यावर पोरीला पलंगाला बांधतात ते तिथे ठीक. आपल्याकडे भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीनं किंवा साखळीनं बांधणं, काठी-चाबकानं मारणं, मिरचीची धुरी देणं हे महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हे आहेत. सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच हजार ते पन्नास हजार दंड. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला, म्हणजे मराठवाड्यापासून लांबच. तेव्हा घाटी, जिल्हा रुग्णालय किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा १४४१६ हा मोफत नंबर, इथून सुरुवात होते.

देशी मालात पहिला मान ‘मणिचित्रताळु’ला (१९९३, मल्याळम). ‘भूलभुलैया’ बघितलेल्यांना कथा ठाऊक आहे, पण मूळ बघाच. तिथला मानसोपचारतज्ज्ञ विधीलाच उपचार म्हणून वापरतो. फिरत्या फळीवर माणसाच्या जागी बाहुला सरकवून रोगिणीचा सूड पुरा करून देतो. ‘द एक्झॉर्सिस्ट’मधल्या डॉक्टरांनी जे नुसतं सुचवलं ते या सिनेमानं शेवटपर्यंत नेलं. शोभनाला राष्ट्रीय पुरस्कार उगाच मिळाला नाही. रामगोपाल वर्माच्या ‘भूत’मध्ये (२००३) गाणी नाहीत, मुंबईतला फ्लॅट आणि लिफ्ट एवढ्यावर भीती उभी केली आहे, आणि तिथेही आधी डॉक्टर, मग मांत्रीण हा क्रम पाळला आहे. उर्मिला मातोंडकरचं काम आजही टिकतं. दणादण आपटणारे आवाज मात्र गरजेपेक्षा दुप्पट. ‘१९२०’ (२००८) ‘द एक्झॉर्सिस्ट’च्याच पायवाटेनं जातो आणि शेवटी हनुमान चालिसेवर येऊन थांबतो. थिएटरात त्यावर टाळ्या पडतात, भीती मात्र ओसरते. ‘शैतान’ (२०२४) वशीकरणावर आहे. मूळ गुजराती ‘वश’ त्याच्यापेक्षा जास्त कडू आणि म्हणून जास्त चांगला. मराठीत झपाटण्याचे नियम सगळ्यात स्वच्छ सांगितले ते ‘झपाटलेला’नं (१९९३): मंत्र कोणता, बाहुल्यातून सुटका कशी, आणि गोळी दोन भुवयांच्या मध्येच लागली पाहिजे. विनोदी सिनेमा असला तरी तात्या विंचूची हद्द ठरलेली आहे, म्हणून पोरं खरंच घाबरली. काहीही करू शकणाऱ्या भुताची भीती दहा मिनिटांत संपते.

विधीच बघायचा असेल, तोही ढोल-झांजांसह, तर कोरियाचा ‘द वेलिंग’ (२०१६). अडीच तासांहून जास्त लांब. मधल्या शामानच्या, म्हणजे तिकडच्या मांत्रिकाच्या, विधीत दोन वेगळ्या ठिकाणचे ताल एकमेकांत गुंतवले आहेत आणि कोण कुणाला मारतोय हे शेवटपर्यंत कळू दिलेलं नाही. वाघ्या-मुरळीचं जागरण आणि पोतराजाचा कोरडा ऐकत मोठे झालेल्या कानाला तो प्रसंग पाश्चात्त्य लॅटिनपेक्षा लवकर भिडेल.

‘द एक्झॉर्सिस्ट’च्या पुढच्या भागांपैकी दुसरा (१९७७) सोडून द्यावा. तिसरा (१९९०) मूळ कादंबरीकार विल्यम पीटर ब्लॅटीनं स्वतः दिग्दर्शित केला, तो नक्की घ्या. रुग्णालयाच्या लांब कॉरिडॉरचा तो स्थिर कॅमेऱ्यातला प्रसंग, जिथे बराच वेळ काहीच घडत नाही, तो भयपटाच्या अभ्यासक्रमात लावावा असा. फक्त निर्मात्यांनी नंतर आग्रहानं विधीचा एक भाग चित्रीत करून शेवटी घुसवला आहे. पाद्री आला, पुस्तक उघडलं, भिंती फुटल्या. त्याच्या आधीच्या दीड तासात त्या पाद्र्याशी आपली धड ओळखही झालेली नसते, आणि तो भाग सिनेमात सगळ्यात पडेल आहे.